विजेता पडद्यावर मित्र होतो तेव्हा

फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना ३० ऑगस्ट २०२० रोजी भारत आणि रशिया यांच्यात झाला. पहिली फेरी ३–३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचं इंटरनेट ऐन डावात बंद पडलं. पटावर डाव जिवंत होता, खेळी मात्र पोचत नव्हती, आणि घड्याळ पुढेच सरकत होतं. वेळ संपल्यामुळे दोघांच्याही नावावर हार लागली. त्याच सुमारास जगात अनेक ठिकाणी इंटरनेट विस्कळीत झालं होतं. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केलं. त्या भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी.

त्याच वर्षी विदितची आणखी एक ओळख तयार झाली. ज्यांनी आयुष्यात कधी पट मांडला नव्हता, अशी मुलं मोबाइलवर तासन्‌तास त्याला पाहू लागली. खेळातला विजेता घराघरातला ओळखीचा माणूस होतो, हे आपल्याकडे क्रिकेटपटूंच्या बाबतीत नेहमीचं आहे. बुद्धिबळपटूच्या वाट्याला हे इतक्या झपाट्याने कसं आलं? आणि याच नाशिक जिल्ह्यातल्या दुसऱ्या विजेत्यांच्या वाट्याला ते का आलं नाही? हे प्रश्न एका माणसापुरते नाहीत. पडद्यावरची लोकप्रियता कशाची बनते, हे त्यांच्या उत्तरातून कळतं.

नाशिकचा ग्रँडमास्टर

विदितचा जन्म २४ ऑक्टोबर १९९४ चा. आई-वडील दोघंही डॉक्टर. मुलगा नाशिकच्या फ्रावशी अकॅडमीत शिकला. २००८ मध्ये चौदा वर्षांखालील गटात तो जगज्जेता झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. जानेवारी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. २०१७ मध्ये त्याने २७०० गुणांकन ओलांडलं; तोवर विश्वनाथन आनंद, कृष्णन शशिकिरण आणि पेंटाला हरिकृष्ण या तिघाच भारतीयांना ते जमलं होतं. बुद्धिबळात गुणांकन कमावावं लागतं. स्वतःहून बलवान खेळाडूला हरवलं की ते जास्त चढतं, दुबळ्याकडून हरलं की जास्त उतरतं. २७०० च्या वर जगभरात एका वेळी जेमतेम तीस-चाळीस जण असतात.

म्हणजे लोकांनी त्याला मोबाइलवर पाहायला सुरुवात केली तेव्हा तो चांगला सात वर्षांचा ग्रँडमास्टर होता. कर्तृत्व आधीच होतं, प्रेक्षक नंतर आले.

ते आणले लॉकडाउनने आणि विनोदकारांनी. मार्च २०२० नंतर नाट्यगृहं बंद पडली, तसेच स्टँडअप कॉमेडीचे प्रयोगही थांबले. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेला विनोदकार समय रैना घरी बसून यूट्यूबवर थेट बुद्धिबळ खेळू लागला. ते त्याला सुचवलं विनोदकार तन्मय भट याने; पुढे साथ दिली सागर शाह यांनी. सागर शाह आणि अमृता मोकल यांनी २०१६ मध्ये चेसबेस इंडिया सुरू केलं होतं आणि भारतातल्या स्पर्धांचं वार्तांकन ते मन लावून करत होते. या मैफलीत विदित येऊन बसला. विनोदकार चुकीची चाल करायचे, एकमेकांची टर उडवायचे आणि मध्येच विदित शांतपणे सांगायचा की घोडा इथे ठेवला असता तर तीन चालींत वजीर मिळाला असता. लोक हसायला यायचे आणि जाताना काटा नावाची युक्ती शिकून जायचे. या कार्यक्रमांतून करोनाग्रस्तांसाठी आणि इतर गरजूंसाठी निधीही उभा राहिला.

पट पडद्यात मावतो

मैत्री आणि विनोद यांनी दार उघडलं हे खरं, पण बुद्धिबळ त्या दारातून आत शिरू शकलं याला खेळाचीच घडण कारण आहे.

पहिली गोष्ट, पट चौसष्ट घरांचा. खेळाडूला जे दिसतं ते सगळं, कणभरही कमी न होता, पाच इंचांच्या पडद्यावर प्रेक्षकाला दिसतं. फुटबॉलमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मैदानाचा मोठा भाग नजरेबाहेर राहतो. बुद्धिबळात कॅमेराच लागत नाही. एक चाल म्हणजे दोन घरांची नावं. इतकी माहिती पाठवायला नगण्य डेटा पुरतो. म्हणून सिग्नल कमकुवत असलेल्या गावातही डाव अडखळत नाही.

दुसरी गोष्ट, वेळ. जुन्या पद्धतीचा डाव चार-पाच तास चालतो. त्यात वीस मिनिटं कोणी हलतसुद्धा नाही. ऑनलाइन जगाने ब्लिट्झ आणि बुलेट हे प्रकार उचलून धरले. प्रत्येकाला तीन मिनिटं किंवा एकच मिनिट. डाव लवकर संपतो, निकाल लागतो, नवा डाव सुरू होतो. नाट्य पाच मिनिटांत मिळतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बुद्धिबळ बाहेरून पाहणाऱ्याला कोण जिंकतंय हेच पूर्वी कळत नसे. आता पटाच्या बाजूला एक उभी पट्टी असते. पांढरा भाग वर चढला तर पांढऱ्याची बाजू भारी, काळा भाग खाली आला तर काळ्याची. ही पट्टी चालवणाऱ्या आज्ञावलींत सर्वांत प्रसिद्ध आहे स्टॉकफिश. नॉर्वेचे तोर्द रोमस्ताद यांनी लिहिलेल्या ग्लाउरुंग या आज्ञावलीवरून इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी ती २००८ मध्ये पुढे आणली. ती मोफत आहे आणि कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. तिच्यामुळे नवखा प्रेक्षकही म्हणू शकतो, ‘अरे, ग्रँडमास्टर चुकला!’ चूक का झाली हे त्याला कळत नसतं. पण चूक झाली हे कळणं एवढंच त्याला बांधून ठेवायला पुरेसं असतं. का झाली, हे समजून घेण्यासाठी तो समालोचकाकडे, म्हणजेच विदितसारख्याकडे वळतो.

चौथी गोष्ट अशी की पाहणारा लगेच खेळू शकतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या चेस डॉट कॉमने डिसेंबर २०२२ मध्ये दहा कोटी सदस्यांचा टप्पा गाठला. फ्रान्सच्या तिबो दुप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं लिचेस तर संपूर्ण मोफत आहे, त्यावर जाहिरातही नसते. पाहणं आणि खेळणं यांत एका बोटाचं अंतर उरलं. ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली, तेव्हा तिच्या प्रेक्षकांना जायला जागा आधीच तयार होती.

चेहरा, आवाज आणि नाव

आता माणसाकडे येऊ. अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन संशोधकांनी १९५६ मध्ये एक निबंध लिहिला. रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकाशी आपली खरी ओळख आहे असं प्रेक्षकाला कसं वाटू लागतं, हे त्यांनी त्यात मांडलं. निवेदक थेट डोळ्यांत पाहून बोलतो, रोज ठरावीक वेळी येतो, घरगुती सुरात बोलतो. प्रेक्षक त्याला ओळखू लागतो. निवेदकाला मात्र प्रेक्षक ठाऊक नसतो. ही जवळीक एका बाजूनेच वाढत जाते.

थेट प्रक्षेपणाने त्यात नवी भर टाकली. पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूचा चेहरा दिसतो. तो विचार करताना पुटपुटतो, चूक झाली की कपाळाला हात लावतो, जिंकला की खुर्चीत मागे रेलून हसतो. बाजूला प्रेक्षकांचे संदेश धावत असतात आणि मध्येच तो एखाद्याचं नाव घेऊन उत्तर देतो. ज्याचं नाव घेतलं त्याला ते विसरता येत नाही, आणि ज्यांचं घेतलं नाही त्यांना उद्या आपलं घेतील असं वाटतं. गावातल्या पारावरच्या गप्पांना जी ओढ असते, तीच इथे आहे. फरक इतकाच की या पारावर हजारो माणसं एकाच वेळी बसलेली असतात.

स्पर्धेच्या सभागृहात ग्रँडमास्टर गप्प असतो. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे फक्त त्यालाच माहीत. ऑनलाइन तो विचार मोठ्याने बोलून दाखवतो. निष्णात माणूस विचार कसा करतो, कोणती चाल आधी बाजूला सारतो, कुठे घाबरतो, हे ऐकायला मिळणं ही माझ्या मते या सगळ्या उलाढालीतली खरी मोलाची गोष्ट आहे. पूर्वी हे फक्त शिष्याला, तेही गुरूच्या शेजारी वर्षानुवर्षं बसल्यावर मिळायचं.

यापुढचं काम यंत्र करतं. यूट्यूबने २०१२ पासून व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला गेला याला अधिक महत्त्व दिलं. तासभर चालणारं, माणसं खिळवून ठेवणारं थेट प्रक्षेपण या हिशेबात आपोआप वर येतं. विनोदकाराचे प्रेक्षक ग्रँडमास्टरलाही पाहत आहेत हे यंत्राच्या लक्षात आलं, की ते ग्रँडमास्टरचे व्हिडिओ विनोदाच्या चाहत्यांपुढे ठेवू लागतं. एका दालनातली गर्दी दुसऱ्या दालनात जाते ती अशी.

बर्फावरचा नॉर्वेचा विजेता

प्रत्येक खेळाला ही सोय नसते. नॉर्वेचा अल्पाइन स्कीपटू अलेक्झांडर आमोट किल्दे याचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. २०१९–२० च्या मोसमात तो विश्वचषकाचा सर्वसाधारण विजेता ठरला, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने एक रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं. त्याचा खेळ म्हणजे उभ्या बर्फाळ उतारावरून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने खाली येणं. शर्यत दोन-अडीच मिनिटांत संपते, निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागतो. चेहऱ्यावर शिरस्त्राण आणि मोठा चष्मा, त्यामुळे डोळेसुद्धा दिसत नाहीत. त्या वेगात तो कोणाशी बोलू शकत नाही. म्हणजे थेट खेळातून जवळीक निर्माण होण्याची शक्यताच नाही.

तरीही त्याचे चाहते जगभर आहेत, आणि ते जोडले गेले बर्फाबाहेर. १३ जानेवारी २०२४ ला स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या शर्यतीत तो भयानक वेगाने संरक्षक जाळीवर आदळला. खांदा निखळला, पोटरी खोलवर चिरली गेली. पुढचे कित्येक महिने त्याने इन्स्टाग्रामवर आपल्या दुखापतीचा आणि सावरण्याचा प्रवास लोकांपुढे ठेवला. त्याची जोडीदार मिकाएला शिफ्रिन ही अमेरिकेची स्कीपटू, विश्वचषक शर्यतींत सर्वाधिक विजय मिळवणारी. एरवी शिरस्त्राणाआड राहणारा माणूस असा लोकांना दिसला.

नॉर्वेचाच मॅग्नस कार्लसन मात्र थेट पटावरून लोकांपर्यंत पोचला. नोव्हेंबर २०१३ मध्ये चेन्नईत त्याने आनंदला हरवून जगज्जेतेपद घेतलं, तेव्हा नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने तो सामना तासन्‌तास थेट दाखवला. स्कीइंगवर वाढलेला देश बुद्धिबळाला खिळून बसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रो चेस लीग या ऑनलाइन सांघिक स्पर्धेत याच कार्लसनला विदितने हरवलं. तो सामना दोघंही आपापल्या जागी बसून खेळले.

सावरपाडा आणि तळेगाव रोही

आता आपल्या जिल्ह्यातल्या दोन नावांकडे पाहा.

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. सुवर्ण मिळवणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एका सेकंदाहूनही कमी अंतराने होती. पंचवीस फेऱ्या आणि बत्तीस मिनिटं धावल्यानंतरचं हे अंतर!

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे पहिल्यांदा शर्यतीची नौका वल्हवायला शिकला. चार वर्षांत तो रिओ ऑलिम्पिकला पोचला. तिथे गेलेला तो एकमेव भारतीय नौकानयनपटू होता आणि एकेरीत तेरावा आला. २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं.

या दोघांचं कर्तृत्व विदितच्या तोलाचं आहे, पण त्यांच्या खेळाला पडदा अनुकूल नाही. दहा हजार मीटरमध्ये शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत काय शिजतंय हे नवख्याला कळत नाही. नौकानयनाची शर्यत दोन किलोमीटर लांब पाण्यावर होते आणि वल्हवणारा अंतिम रेषेकडे पाठ करून बसलेला असतो. यांपैकी काहीही मोबाइलवर लगेच करून पाहता येत नाही. त्यासाठी मैदान लागतं, जलाशय लागतो, लाखोंची नौका लागते.

शिवाय काळाने दगा दिला. रिओत दत्तूची शेवटची शर्यत १३ ऑगस्ट २०१६ ला झाली, कविताची मॅरेथॉन १४ ऑगस्टला. रिलायन्स जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली ५ सप्टेंबरला. भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि खेड्यापाड्यांत व्हिडिओ पाहणं परवडू लागलं, ते त्यानंतर. जिल्ह्यातले दोन खेळाडू ऑलिम्पिकमध्ये उतरले होते आणि ते हातातल्या पडद्यावर सहज दिसण्याचा काळ अवघ्या तीन आठवड्यांनी आला. लोकप्रियतेत गुणाइतकाच वाटा अशा तारखांचाही असतो.

म्हणून अनुयायांच्या आकड्यावरून खेळाडूची उंची ठरवू नये, असं मला कळकळीने वाटतं. तो आकडा खेळाची घडण, चेहरा दिसण्याची सोय, प्रेक्षकांसोबत घालवलेला वेळ आणि तंत्रज्ञानाचा मुहूर्त या चार गोष्टींची बेरीज सांगतो. कर्तृत्वाशिवाय ही बेरीज टिकत नाही, पण कर्तृत्व असलं की ती होतेच असंही नाही.

लोकप्रियतेची किंमत

पडद्यावर रमलेला खेळाडू पटावर मागे पडतो, असा एक आक्षेप असतो. त्याची दुसरी बाजू टोरांटोत दिसली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विस स्पर्धेत विदित पहिलाच डाव हरला. पुढच्या दहा डावांत साडेआठ गुण मिळवून त्याने स्पर्धा जिंकली आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत स्थान मिळवलं. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोत त्याच्यासमोर होता अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. हा जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या बुद्धिबळ प्रक्षेपकांपैकी एक आहे आणि त्याच वेळी जगातल्या पहिल्या पाचांतला खेळाडूही. दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना विदितने त्याला हरवलं आणि त्याची सलग ४७ डाव अपराजित राहण्याची मालिका तोडली. नवव्या फेरीत पुन्हा हरवलं. ऑनलाइन जगाने मोठे केलेले दोन खेळाडू खऱ्या पटावर, बुद्धिबळातल्या सर्वांत कठीण स्पर्धांपैकी एकीत समोरासमोर बसले होते. विदित तिथे सहावा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या गटात पहिल्यांदा सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात तो चौथ्या पटावर होता.

तरी किंमत असतेच. प्रक्षेपणात गेलेला तास सरावातून वजा होतो. खेळाडू मित्र वाटू लागला की काही प्रेक्षक त्याच्यावर हक्क सांगू लागतात. हरल्यावर सांत्वनाइतक्याच शिव्याही येतात, कधीकधी घरच्यांपर्यंत पोचतात. दोन्ही त्याच एकतर्फी जवळिकीतून येतात. मात्र स्पर्धांच्या बक्षिसांवर ज्यांचं वर्ष भागत नाही, अशा खेळाडूंना प्रायोजक आणि प्रेक्षकांकडून मिळणारं उत्पन्न हा मोठा आधार आहे, हेही विसरू नये.

सायखेड्यातून पाहताना

गोदावरीकाठचं सायखेडा हे निफाड तालुक्यातलं बाजाराचं गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो, आसपास कांदा आणि द्राक्षं पिकतात. नाशिक इथून साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. पूर्वी इथल्या मुलाला बुद्धिबळ शिकायचं म्हणजे शाळा सुटल्यावर एसटीने नाशिक गाठायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं, हाच मार्ग होता. ते परवडणारी घरं थोडी. आज त्या मुलाला ग्रँडमास्टरचा विचार ऐकू येतो, मोफत पट मिळतो, चूक दाखवणारं यंत्र मिळतं आणि जगातला कोणीही प्रतिस्पर्धी मिळतो. २०२० मध्ये इंटरनेट तुटल्यामुळे डाव गमावलेली नागपूरची दिव्या जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. जगातल्या सर्वोत्तम खेळापर्यंत पोचण्याची वाट विदर्भातून किंवा गोदाकाठातून आता पूर्वीइतकी लांब नाही.

पण निव्वळ पाहण्याने कोणी खेळाडू होत नाही. दोन तास प्रक्षेपण पाहिलं तर त्यातला एक डाव बाजूला काढून तो पुन्हा मांडावा, आपण कुठे वेगळं खेळलो असतो ते लिहून ठेवावं आणि मग यंत्राला विचारावं. आठवड्यातून एकदा तरी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पटावर समोरासमोर बसावं. समोरच्याचा श्वास ऐकत शांत राहणं मोबाइल शिकवत नाही. शाळेत दोन पट आणि एक जुनं घड्याळ असलं तरी मंडळ सुरू होतं.

दुसरं काम मोठ्यांचं आहे. जे खेळ स्वतःहून पडद्यात मावत नाहीत, त्यांना पडद्यावर आणायला मेहनत लागते. तालुक्याच्या मैदानी स्पर्धा, गंगापूर धरणावरचा नौकानयनाचा सराव, डोंगरपाड्यांतल्या मुलींचं पहाटेचं धावणं, हे सगळं कोणीतरी चित्रित करायला हवं, समजावून सांगायला हवं, आणि धावणाऱ्या मुलीला स्वतःच्या शब्दांत बोलू द्यायला हवं. बुद्धिबळासाठी हे काम काही मोजक्या जाणकारांनी आणि उत्साही मंडळींनी केलं, तेव्हा कुठे लोक आले. पुढची कविता राऊत आणि पुढचा दत्तू भोकनळ पदक जिंकण्याच्या आधीच जिल्ह्याला ओळखीचे असतील, तर त्यांना बूट, आहार आणि प्रशिक्षक वेळेवर मिळण्याची शक्यता वाढेल. लोकप्रियतेचा खरा उपयोग तोच आहे, आणि तो करून घेणं पाहणाऱ्यांच्या हातात आहे.